बाबांनी पाणी बंद केलं नव्हतं

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आकाश दिसायचं नाही, टँकरचं निळं पोट दिसायचं. महूच्या बाहेरच्या अंगाला आमच्या दोन खोल्या, वर पत्रा, आणि भिंतीला खेटून बाबांनी उभा केलेला तो टँकर. आई खिडकीतून हात लांब करून त्यावर ओली फडकी वाळत घालायची. उन्हाळ्यात दुपारी त्याच्या सावलीत गल्लीतली कुत्री येऊन पडायची, कारण नळाखालची माती कायम ओली. रात्री घरात शांत झालं की त्याच्या तोटीतून ठिबकणारं पाणी ऐकू यायचं आणि ओल्या लोखंडाचा वास गादीपर्यंत यायचा. मला तो वास श्रीमंतीचा वाटायचा. कॉलेजात मैत्रिणींना सांगताना मी ‘आमची गाडी’ म्हणायचे, टँकर म्हणायचे नाही.

बाबांनी कारखान्यातली ड्रायव्हरची नोकरी सोडून, फायनान्सवर तो टँकर घेतला होता. घरात कोणीच नको म्हटलं नाही, कारण ठेका सरकारी होता. आमच्याकडे सरकार ह्या शब्दाला वजन होतं. आजोबा पलटणीतले. ते गेले तरी आजीच्या नावाने पेन्शन येत राहिली, ती जाईपर्यंत, एकदाही न चुकता. बाबा लहान असताना घरात दुसरं काही नसलं तरी महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन असायची, आणि त्या दिवशी आजी कचोरी मागवायची. त्यामुळे बाबांच्या मनात सरकार म्हणजे असं कोणीतरी होतं जे उशीर करेल, पण विसरणार नाही. पलटण आणि नगर परिषद ह्यांत फरक असतो हे त्यांना कधी समजलंच नाही. समजलं असेल तरी त्यांनी ते मान्य केलं नाही.

ज्या गावाच्या नगर परिषदेचा हा ठेका होता त्याचं नाव मी लिहिणार नाही. इंदूरपासून तासाभरावर आहे, एवढं पुरे. गावाच्या टोकाला नाल्यापलीकडे एक बस्ती होती. बरीचशी आपलीच माणसं, बऱ्हाणपूर-खंडव्याकडून मजुरीला आलेली, बाकी इकडची तिकडची. तिथे नळ नव्हते. होळी झाली की पाणी टँकरने, पाऊस लागेपर्यंत. ट्यूबवेलवर टँकर भरायचा, बस्तीत रिकामा करायचा, परत भरायचा, असं काम. गाडी बहुतेक वेळा कैलाश चालवायचा. कैलाश इकडचाच, माळवी बोलणारा, बाबांहून थोडा लहान. बाबांना भिया म्हणायचा, आईला बाईजी. पण दिवसाच्या पहिल्या फेरीला बाबा स्वतः जायचे.

आणि त्यांची एक पद्धत होती. इतर टँकरवाले पाइप आपल्या हातात ठेवतात. कोणाचा हंडा किती भरायचा, कोणाला पुढे घ्यायचं, कोणाला थांबवायचं, सगळं पाइपवाल्याच्या मर्जीवर. बाबा बस्तीत पोचले की पाइप काढून रांगेतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातात द्यायचे आणि स्वतः लांब जाऊन बिडी ओढायचे. तिने भरायचं, तिने पुढचीच्या हातात द्यायचा. एकदा मी विचारलं, भांडणं नाही होत का? “होतात ना. त्यांची ते बघतील,” बाबा म्हणाले. “पण पाणी कोणी वरून वाढायचं नाही, पोरी. त्याने वरून ओतायचं आणि आपण खाली ओंजळ धरायची, ते माझ्या आजोबांनी केलं. बस झालं ते.” ह्यापेक्षा जास्त ते ह्या विषयावर कधी बोलले नाहीत. जयंतीला महूत बाहेरगावची माणसं लोटायची तेव्हा टँकर फुकट उभा राहायचा, तिथेही हीच पद्धत.

पहिल्या उन्हाळ्याचे पैसे पुढच्या संक्रांतीला आले, आणि बाबांनी घरात पेढे वाटले. दुसऱ्या उन्हाळ्याचे आलेच नाहीत. तिसरा उन्हाळा सुरू झाला. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणून बाबा मला नगर परिषदेत बरोबर न्यायचे, ‘हिशेब समजणारी’ म्हणून. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे. स्कूटर लांब लावायचे, जोडे झटकायचे, मग आत. लेखा विभागात एक बडेबाबू होते. वाईट बोलायचे नाहीत कधी. चहा मागवायचे.

“वानखेडे जी, पैसा कहीं भागा थोड़ी जा रहा है? ऊपर से फंड आने दो, सबसे पहले आपका.”

मी म्हटलं, “सर, डीज़ल वाला भी हमको यही बोल दे तो?”

बडेबाबू हसले. “बेटी को वकालत पढ़ा रहे हो क्या?”

“नहीं साब, बी.कॉम.,” बाबा खाली मान घालून म्हणाले, जणू ती त्यांचीच चूक होती.

निघताना बडेबाबूंनी हळूच सांगितलं की बीच में काम बंद मत कर देना, वरना ठेका भी जाएगा और पुराना पैसा भी फँसेगा. ही त्यातली खरी मेख होती. थकलेले पैसे मिळावेत म्हणून आणखी पाणी ओतत राहायचं, आणि त्याचेही पैसे थकत जायचे. परत येताना मी स्कूटरवर मागे बसून चिडचिड करत होते. काम करून घेतलं, माणसं ते पाणी प्यायली, त्या पाण्यात त्यांची डाळ शिजली, मग पैसे देणं हे काय उपकार आहेत का? बाबा वाऱ्यातून ओरडून म्हणाले, “सरकार बुडवत नाही गं. उशीर करतं.”

घरात त्या उशिराचा वास येऊ लागला होता. तुरीचं वरण पातळ झालं, मग त्याची जागा रोज पिठल्याने घेतली. पोह्यांवरची शेव गेली, मग पोहेच गेले. कैलाशला पगार देता येत नव्हता, म्हणून आई त्याला दोन्ही वेळ जेवायला वाढायची. तो ओट्यावर बसून जेवायचा आणि उठताना न चुकता म्हणायचा, “बाईजी, ठेचा तो गज़ब था.” ठेच्याशिवाय ताटात काही नसायचंच. ट्यूबवेलवाला उधार बंद करायला आला होता. आणि फायनान्सवाला. तो तरुण पोरगा होता, नम्र, चहा घेतला, आईला मावशी म्हणाला. जाताना टँकरच्या बॉनेटवर थाप मारली, म्हैस विकत घेणारा पाठीवर मारतो तशी. म्हणाला, “अंकल, ह्या शनिवारनंतर माझ्या हातात नाही राहणार.”

त्याच आठवड्यात नागपूरकडून निरोप आला की बाबांचे मेहुणे वारले. बाबांना जावं लागलं. मोबाइल तेव्हा आमच्याकडे नव्हता. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “बुधवारपर्यंत येतो. कैलाशला डिझेलपुरते आईकडून दे. बस्तीची फेरी चुकायला नको.”

इथपर्यंतची गोष्ट मी लोकांना सांगत आले आहे. मुलांना सांगितली, ऑफिसात सांगितली. मी आता इंदूरला विजय नगरात एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि माझ्या टेबलावर कोणा पुरवठादाराचं बिल अडकून राहत नाही म्हणून माझी थट्टा होते, तेव्हा मी बाबांच्या थकलेल्या पैशांची ही गोष्ट सांगते. ऐकणारे हळहळतात. पुढचं मी सांगत नाही.

बाबा नागपूरला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कैलाश गाडी काढायला आला. मी ओट्यावर उभी राहून त्याला सांगितलं, “बाबांचा निरोप आलाय. पैसे मिळेपर्यंत बस्तीत जायचं नाही.”

“भिया ने बोला?” तो किल्ली हातात धरून उभा राहिला.

“हो.”

“अपने वाले भिया ने?”

“दुसरा कोण आहे, कैलाशभैया? शनिवारी गाडी उचलून नेतील. मग काय करशील?”

त्याने टँकरकडे बघितलं. मग किल्ली खिडकीत ठेवून, न जेवता निघून गेला. आई आत कणीक मळत होती. तिने सगळं ऐकलं होतं. “त्यांना विचारलंस का तू?” एवढंच म्हणाली, आणि मी उत्तर द्यायच्या आत परातीकडे वळली. तिलाही गाडी हवी होती. पण माझ्या वाट्याचं मी तिच्यावर टाकत नाही. निर्णय माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटी नगर परिषदेत गेले. बडेबाबूंसमोर बसले आणि म्हटलं की पाणी बंद आहे, चेक मिळाला की चालू. त्यांनी मला समजावलं, दटावलं, चहा मागवला. मी हलले नाही. आणि मग बाहेरून तो आवाज आला. बस्तीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन फाटकावर आल्या होत्या आणि हंड्यांवर दगड आपटत होत्या. ऑफिसातले पंखे, टाइपरायटर, सगळं त्या आवाजात बुडालं. बडेबाबू उठून खिडकीशी गेले, मग आत साहेबांकडे गेले. बाहेर निवडणुकीचे दिवस होते.

तो आवाज मला आवडला. हे मला लिहायचं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझा नाइलाज होता, घर वाचवायचं होतं. ते खरं आहे. पण त्या खुर्चीत बसून मी तो आवाज ऐकत होते आणि मला वाटत होतं, वाजवा, अजून जोरात. त्या बायांच्या घरात कालपासून काय झालं असेल हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. त्या माझ्यासाठी वाजवत होत्या, एवढंच.

दुपारपर्यंत चेक तयार झाला. सगळ्या पैशांचा नव्हता, पण फायनान्सचं तोंड बंद होईल इतका होता. फंड कुठून आला हे कोणी सांगितलं नाही. बडेबाबू म्हणाले, “पिताजी से कहना, नाराज़ न हों. अब पानी चालू करवा दो.” मी बाजूच्या दाराने बाहेर पडले. फाटकाकडे गेले नाही.

बाबा बुधवारी सकाळी आले, डोळे सुजलेले, प्रवासाने मळलेले. मी चेक त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उजेडात धरून वाचला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी त्याआधी आणि नंतर तसा पाहिला नाही. “दिला? बघ. मी म्हणत नव्हतो? मेल्याहून मेल्यासारखं करतं, पण बुडवत नाही.” आईला हाक मारून दाखवला. मी तेव्हा बोलू शकले असते. त्यांना आनंद होऊ दे, मग सांगू, असं म्हणत मी चहा टाकायला गेले.

चहा उकळायच्या आत कैलाश आला. “भिया, राम-राम. अब तो चालू करूँ न बस्ती?”

“चालू? बंद कधी होती?”

“आपने ही तो निरोप भिजवाया था...” कैलाशचा आवाज मध्येच थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाबांनी बघितलं. ओरडले नाहीत. खिडकीतली किल्ली घेतली, मला म्हणाले, “बस गाडीत.” कैलाशला म्हणाले, “आणि तू कुठे काही बोलायचं नाहीस. ऐकलंस?”

ट्यूबवेलवर टँकर भरून आम्ही तिघं निघालो. बस्तीत पोचलो तर हंड्यांची रांग नव्हती. एरवी हॉर्न ऐकला की पोरं टँकरच्या मागे धावायची. त्या दिवशी बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. बाबा खाली उतरले, पाइप सोडला, आणि नेहमीसारखा पुढे धरून उभे राहिले. शेवटी गोदामावशी पुढे आली. बस्तीतली सगळ्यात म्हातारी तीच, पाइप पहिल्यांदा तिच्याच हातात जायचा.

“भाऊ, दुसऱ्या कोणी रोकलं असतं तर समजलं असतं,” ती म्हणाली. “तुम्ही रोकलं?”

बाबांनी पाइप खाली घेतला.

“काल वरच्या गल्लीत गेलो हँडपंपावर. पोरी होत्या संगे. हात लावू नका म्हणे. हंडा खाली ठेवा, मागे सरका. मग त्यांच्या बाईने वरून ओतलं. माझ्या नातीने विचारलं, आजी, असं का ओतते? काय सांगू मी तिला? तुम्ही सांगा.”

मी केबिनमध्ये होते. काच खाली होती, सगळं ऐकू येत होतं. माझा हात दाराच्या कडीवर होता. त्या कडीचा थंडपणा मला अजून आठवतो. कडी दाबायची, उतरायचं आणि चार शब्द बोलायचे, एवढंच होतं.

बाबांनी डोक्याची टोपी काढली. “चूक झाली, मावशी. मीच सांगितलं होतं कैलाशला. पैशांसाठी सांगितलं. माझी चूक.”

कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गोदामावशी नुसती मान हलवत राहिली. मग हंडे येऊ लागले, पाणी तर लागणारच होतं. बाबांनी पाइप तिच्यापुढे केला. तिने घेतला नाही. “धरा तुम्हीच,” ती म्हणाली. “तुमचं पाणी आहे.”

आणि बाबांनी धरला. पहिल्या हंड्यापासून शेवटच्या हंड्यापर्यंत त्यांनी स्वतः पाणी ओतलं. बाया खाली बघत हंडा पुढे सरकवायच्या, बाबा ओतायचे. मी काचेतून त्यांची पाठ बघत होते. घामाने शर्ट चिकटला होता आणि ते जरा वाकून, पाइप हंड्याच्या तोंडाला लावून धरायचा प्रयत्न करत होते, म्हणजे वरून ओतल्यासारखं होऊ नये. मी उतरले नाही.

घरी आल्यावर ते जेवले. मला म्हणाले, “पैसे आले, ते चांगलं झालं.” त्यात टोमणा नव्हता. त्यानंतर ह्या विषयावर आमच्यात एक शब्द झाला नाही. फायनान्सचे हप्ते भरले, गाडी वाचली. उरलेला उन्हाळा बस्तीची फेरी कैलाशने केली. बाबा त्या बस्तीत परत कधी गेले नाहीत. हिवाळ्यात त्यांनी टँकर विकला, जो वाचवण्यासाठी मी हे सगळं केलं होतं तो, आणि सिमरोलकडे एका बांधकामावर गार्डची नोकरी धरली. कैलाश एका बसवर लागला. खिडकीतून आकाश दिसू लागलं. आईने फडक्यांसाठी दोरी बांधली.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. विहारात शोकसभा झाली, तेव्हा त्या गावाकडचे एक गृहस्थ उभे राहून चांगलं बोलले. पाइपची पद्धत सांगितली. मग म्हणाले, “माणूस देवमाणूस. आता एकदा परिस्थितीने त्यांनाही पाणी बंद करावं लागलं, पण ते आपण मनात ठेवू नये.” सगळ्यांनी समजुतीने माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत होते, पांढरी साडी नेसून. मीही मान हलवली.

त्या मान हलवण्याने मला झोप येईना. पंधरवड्यानंतर मी मुलाला गाडी काढायला सांगितली आणि त्या गावी गेले. बस्तीत आता पक्की घरं आहेत, दारोदार नळ आहेत. गोदामावशी आहे का, हे विचारायची मला भीती वाटत होती. ती होती. खाटेवर बसलेली, कान शाबूत, दृष्टी अधू. मी कोणाची कोण ते सांगितलं. तिने माझा हात ओढून खाटेवर बसवलं, बाबा गेल्याचं ऐकून थोडं रडली, सुनेला चहा सांगितला. मी चहा यायच्या आत बोलून टाकलं. “मावशी, तेव्हा पाणी बाबांनी नव्हतं बंद केलं. मी केलं होतं. त्यांना माहीतसुद्धा नव्हतं. ते खोटं बोलले तुमच्याशी, माझ्यासाठी.”

तिने माझा हात सोडला नाही. “माहीत आहे ना.”

“कोणी सांगितलं?”

“कैलाशने. त्याच दिवशी संध्याकाळी आला होता, रडत. म्हणे भियाने कसम घातली, पण मला राहवत नाही. साऱ्या बस्तीला माहीत होतं, बाई. आमचंच तोंड काळं झालं. मी पाइप नाही घेतला भाऊच्या हातून, मला त्या रात्री भाकर नाही गेली.”

 मी विचारलं, “मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?”

“कुठे सांगणार? घर कुठे तुमचं, आम्हाला काय माहीत? कैलाश म्हणे मी बोललो हे भियाला कळू नका देऊ. आम्ही म्हटलं, उद्या येतील. उद्या नाही आले तर परवा. हॉर्न वाजला की मी पहिले बघायची, कोण उतरतं.” ती माझा हात चोळत राहिली, लहान मुलाचा चोळावा तसा. “ते नाही आले, ते समजलं मला. माणूस लाजला की नाही येत. पण तू तर सगळं जाणत होतीस. तू तरी यायचं होतं ना, बाई.”